परतीचा पत्ता

सोल्नोक, तिसा नदीच्या काठचं पाणी खातं,
दुसरा मजला, सत्त्याऐंशीचा हिवाळा.
मशीन व्हिएन्नाहून आलेलं,
कुणाच्या तरी डिकीत, दुलईखाली, पावतीशिवाय.
आत दोन-शहाऐंशी.

पिरोश्काबाई म्हणायच्या, ह्या चिपला दोन जगं आहेत.
एक रिअल मोड: सगळी दारं सताड,
कुणीही कुणाच्याही ताटात हात घालावा,
आणि सहाशेचाळीस केबीला डोकं छताला लागतं.
वर पोटमाळा, त्यात पडद्याचं आणि रॉमचं सामान.
दुसरं प्रोटेक्टेड. तिथे सोळा मेगाबाइटांचं रान,
पण जागोजागी चौकी:
तुझी हद्द कुठवर, तू कितव्या कड्यातला?
पाऊल चुकलं की जागच्या जागी बाद.

"मग तिकडेच राहू की," मी म्हणालो. बाविशीत होतो.
"डॉस इकडे आहे," त्या म्हणाल्या, "डिस्क इकडे, प्रिंटर इकडे.
तिकडे राहून खायचं काय?"

आमच्याकडे शंभर वर्षांचं पाणी होतं,
एकोणीस ठाण्यांवरचं, रोज सकाळी सातचं,
पुराच्या सालांपुढे लाल शाईचा ठिपका.
ते सहाशेचाळीसमध्ये मावेना.
वर ठेवायचं, लागेल तसं खाली आणायचं,
म्हणजे दिवसातून हजारदा जा-ये.

जायला एक बिट पुरतो.
शून्याचा एक केला की पलीकडे.
परतीची आज्ञा मात्र त्या चिपमध्ये नव्हतीच.
घडवणाऱ्यांना वाटलं असेल,
एवढ्या बंदोबस्तात पोचलेला
कशाला येतोय माघारी?

बाईंनी रात्र काढून लिहिलं ते असं:
घड्याळाच्या चिपमध्ये, जिला तिची स्वतःची बॅटरी असते,
एक बाइट लिहून ठेवायचा,
रुमालाला गाठ मारावी तसा.
शेजारी, मेमरीतल्या ठरल्या कोनाड्यात, परतीचा पत्ता.
मग कीबोर्ड सांभाळणाऱ्या गरीब चिपला सांगायचं,
मला पाड.
प्रोसेसर पडतो. कुठे होतो, काय करत होतो, सगळं पुसलं जातं.
उठतो तो नुकता जन्मल्यासारखा,
चाचपडत पहिल्या ओळीपाशी जातो,
आणि गाठ हाताला लागते:
ही सकाळ नव्हे. आपण परत आलोय.

एवढ्यात घड्याळाचे ठोके चुकायचे.
पडलेल्याला कोण मोजून देणार?
संध्याकाळपर्यंत मशीन चार मिनिटं मागे.
दुसऱ्या दिवशी रेडिओवर दुपारची घंटा झाली
की बाई चष्मा पुसून वेळ नीट करायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत त्यांचा भाऊ आला, टोरांटोहून.
छप्पन्नच्या नोव्हेंबरात गेलेला, अठरा वर्षांचा,
एका कालव्यावरून, वडिलांचे बूट घालून.
सामान उचलायला मी स्टेशनवर होतो.
ओदोन बाईंना "मॅडम" म्हणाला.
त्याची भाषा नीट इस्त्री केलेली, जुन्या घडीची.
स्वयंपाकघरात तो उभाच राहिला,
कुठे बसायचं ते न कळून.
बाई कॉफी ओतत होत्या, बोलत नव्हत्या.
मग त्याचा हात दाराच्या मागे गेला,
न बघता,
आणि खिळ्यावरून टॉवेल काढून
त्याने तोंड पुसलं.
बराच वेळ पुसत राहिला.

एक्क्याण्णवला तीन-शहाऐंशी आलं.
आता एकाचा शून्य केला की झालं,
उंबरा ओलांडावा तसं.
मी बाईंना म्हणालो, तो तुकडा काढून टाकतो,
त्रेचाळीस ओळी, उगाच अडगळ.
"असू दे," त्या म्हणाल्या,
"जुनी मशीनं आहेत अजून लोकांकडे."
मग सवयीने वेळ बघायला गेल्या.
मशीन बरोबर होतं.
तरी बाई घंटा होईपर्यंत तिथेच थांबल्या.